दोन रिंगांचा नियम

सिंगापूरमधल्या तोआ पायोहच्या त्या फ्लॅटमध्ये लँडलाइन एकाच कामापुरता उरला होता. रोज संध्याकाळी सहाला तो दोनदा वाजायचा आणि गप्प व्हायचा. उचलायचा नाही, असा नियम होता आणि तो पद्माकरांनीच केलेला. त्यांची लेक इरा दहा वर्षांची असताना पहिल्यांदा एकटी एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, शाळेत गेली, तेव्हा त्यांनी बजावलं होतं, "पोचलीस की दोन रिंग दे आणि ठेव. तिसरी वाजली तर काहीतरी बिनसलंय समजू." एसटीडीच्या दिवसांत पुण्यात त्यांच्या घरचे सगळे असंच कळवायचे.

आता इरा तेवीस वर्षांची होती. अकाउंटन्सीची डिग्री, बँकेतली पक्की नोकरी, सगळ्यावर पाणी सोडून बाईसाहेब वर्षभर ऑस्ट्रेलिया फिरायला निघाल्या होत्या. पैसे संपत आल्यावर तिने क्वीन्सलँडच्या पार आत, गुरांच्या एका फार्मवर काम धरलं. जवळचं गाव दोनशे किलोमीटरवर, मोबाइलला रेंज नाही. तिथे ती गुरांच्या पाण्याचे हौद घासायची आणि बोअरचे पंप बघत हिंडायची.

निघताना पद्माकर तिला म्हणाले होते, "जायचं तर जा. पण फोन करू नकोस, मी बोलणार नाही." मुलगीही त्यांचीच. तिने आईला दर रविवारी ईमेल लिहायचं ठरवलं आणि फोनच्या फक्त दोन रिंग ठेवल्या.

"मला काय त्याचं," असं पद्माकर म्हणायचे. पण सहाच्या आत ऑफिसातून घरी यायचे, बूटही न काढता पेपर उघडून बसायचे आणि दोन रिंग होईपर्यंत त्यांचं पान उलटत नसे. विनीता हे तीन महिने बघत होती. नवऱ्याचा हट्ट तिला ठाऊक होता, म्हणून तिने तोंड उघडलं नव्हतं.

त्या गुरुवारी विनीता मरीन परेडला तिच्या मैत्रिणीच्या, मीनलच्या मुलीच्या डोहाळजेवणाला गेली होती. सहा वाजले. फोन वाजला नाही.

सव्वासहा झाले, साडेसहा झाले. पद्माकरांनी रिसीव्हर उचलून डायल टोन येतोय का पाहिलं आणि घाईने परत ठेवला, न जाणो त्याच क्षणी तिचा लागायचा. विनीताला मोबाइल लावला, तर तिने उचलला नाही; पर्समध्ये असणार. साप, उधळलेला बैल, पंपाचा पट्टा, काय काय डोळ्यांसमोर येऊ लागलं. सात वाजता ते फ्रिजपाशी गेले. तिथे मॅग्नेटखाली विनीताच्या अक्षरात फार्मचा नंबर होता. तो त्यांनी आजवर कधी फिरवला नव्हता.

"मार्गरेट बोलतेय," फार्मच्या मालकीणबाई इंग्रजीत म्हणाल्या.

"मी सिंगापूरहून. इराचा बाबा."

"म्हणजे तुमच्या घरी माणसं राहतात तर!"

"इरा ठीक आहे ना?"

"गाडीचा टायर फुटलाय, इथून चाळीस किलोमीटरवर. माझा नवरा गेलाय तिकडे. आत्ताच वायरलेसवर बोलली माझ्याशी, ठणठणीत आहे."

"फक्त टायरच ना?" पद्माकरांनी पुन्हा विचारून घेतलं.

"घरी दोन रिंग देऊन ठेवायला सांगितलं होतं तिने मला," बाई म्हणाल्या. "मी नाही दिल्या. तीन महिने बघतेय, पोरगी रोज नंबर फिरवते, कान लावून थांबते, कुणी उचलत नाही. मग ठेवते आणि बाहेर पायरीवर जाऊन बसते. तिचा न उचलणारे माझा काय उचलणार?"

"उचलायचा नसतो," पद्माकर म्हणाले. "तशी पद्धत आहे आमची. दोन रिंग म्हणजे ती सुखरूप."

"आणि त्या ऐकतं कोण?"

"तिची आई," त्यांच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली. "मी. रोज मीही ऐकतो."

"तिला माहीत आहे हे?"

"नाही."

"मग ती पायरीवर बसणारच," मार्गरेटबाई म्हणाल्या. "तासाभरात येईल. फोन करायला सांगते. बाकीचं तिला तुम्हीच सांगा."

पद्माकर फोनजवळ खुर्ची ओढून बसले. पोर एकटी पडली तर तिला आधार असावा म्हणून त्यांनी तो नियम केला होता. गेले तीन महिने मात्र ते स्वतःच त्याच्या आड लपले होते. काळजी करायची, पण लेकीला कळू द्यायची नाही. एवढा मोठा माणूस, पण त्यांना रडू आलं.

आठ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी तो उचलला.

"आई? उचललास कशाला? मी ओके आहे ला!" शेवटचा तो "ला" अस्सल सिंगापुरी.

"मी आहे."

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"ती बरी आहे. मला तुझा आवाज ऐकायचा होता." त्यांचा स्वतःचा आवाज फुटला, तो त्यांनी फुटू दिला. "रोज सहाला मी इथेच बसलेला असतो, इरा. आता टायर कसा बदललास ते सांग."

इरा आधी नुसती रडली. मग नाक ओढत जॅकपासून सगळं सांगू लागली.

साडेआठला विनीता दार उघडून आत आली, तर नवरा रिसीव्हर कानाला लावून बसलेला, पायात अजून बूट. फोन नेहमी तिच्या समोरच वाजायचा. आज आपण नव्हतो, या धास्तीत तिने आधी तेच विचारलं.

"अहो, आल्या का दोन रिंग?"

पद्माकरांनी रिसीव्हरवर हात ठेवला. "एकच आली," ते म्हणाले. "दुसरी मी वाजू दिली नाही."