सीट चार खाचा पुढे

भिंगवाल्यांची किल्ली बिघडली ती कपडे धुण्याच्या मशीनमध्ये. पँटच्या खिशात राहिलेली गाडीची किल्ली साबणाच्या पाण्यात पाऊण तास गरगरली आणि पँट वाळत घालताना बायकोच्या हाती लागली. तिनं ती पुसून उन्हात ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, "निदान स्वच्छ तरी झाली."

चष्म्याच्या काचा घासण्यात भिंगवाल्यांची तीस वर्षं गेली होती. केसाएवढा फरक त्यांना दिसायचा, आणि एकदा दिसला की त्यांचं जेवणात लक्ष लागायचं नाही. असा माणूस खिसे न तपासता पँट धुवायला टाकतो, यावरून घरात दोन दिवस त्यांची टर उडवली गेली. घरात म्हणजे बायकोनंच, कारण घरात दोघंच होती.

त्यानंतर किल्लीचं बटण सहा-सात वेळा दाबलं की एकदा चालायचं. दाराच्या कुलपात मागे कधीतरी किल्लीचं टोक मोडून अडकलं होतं, त्यामुळे गाडी उघडायची ती बटणानंच. भिंगवाल्यांनी सेल बदलून पाहिला. मग जुन्या सुट्या भागांच्या बाजारात जाऊन हुबेहूब तशीच किल्ली शोधून आणली. तोच आकार, तीच तीन बटणं, मागं तोच खडबडीतपणा. गाडीनं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी दोन्ही किल्ल्या रुमालात बांधून ते किल्लीवाल्याकडे गेले.

किल्लीवाला एका अरुंद गाळ्यात बसायचा आणि गाड्यांबद्दल सासरच्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलायचा. बाजारातली किल्ली त्यानं उघडून पाहिली आणि बाजूला सारली.

"काका, ही नुसती दिसायला तशी. आतली चिप दुसऱ्या मॉडेलची आहे. ही जन्मभर दाबली तरी तुमची गाडी हिला ओळख देणार नाही."

"मग नवी करून दे."

"देतो की. अर्ध्या तासाचं काम. पण या गाडीचा एक स्वभाव आहे. नवी किल्ली शिकवायला घेतली की ती जुन्या सगळ्या विसरते. मग त्या वेळी समोर असतील तेवढ्या परत शिकवायच्या. म्हणून घरातल्या झाडून सगळ्या घेऊन या. एखादी राहिली तर ती बाद."

"बाद म्हणजे?"

"म्हणजे दाबत बसा. दार उघडणार नाही."

भिंगवाल्यांनी रुमालाची गाठ परत बांधली. "मग राहू दे. हीच बरी आहे," असं म्हणून ते उठले. सहा वेळा दाबावी लागणारी किल्ली कुणाला कशी काय बरी वाटते, हे किल्लीवाल्याला काही कळेना.

कळणार कसं? ते भिंगवाल्यांच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं.

दुसरी किल्ली लेकीकडे होती. गाडी चालवायला तिला भिंगवाल्यांनीच शिकवलं होतं आणि शिकून झाल्यावर स्वतःच्या हातानं ती किल्ली तिला दिली होती. पुढं तिचं लग्न झालं. लग्नानंतर दोन वर्षांनी एका दुपारी ती बॅग घेऊन घरी आली आणि मी आता तिकडे जाणार नाही, म्हणाली. भिंगवाल्यांनी कारण विचारलं नाही. दोन दिवस राहा आणि आपल्या घरी जा, म्हणाले. तिनं, हेच माझं घर आहे, असं म्हटल्यावर त्यांचं डोकं फिरलं. तिकडे जाणार नसशील तर या घराचं दारही तुला बंद, असं ते बोलून गेले. असं बोलायला वेळ लागत नाही. लेकीनं बॅग उचलली. नवऱ्याकडे ती गेलीच नाही, शहराच्या दुसऱ्या टोकाला एक खोली घेऊन राहिली. तिचं नाव घरात काढायचं नाही, असा भिंगवाल्यांनी नियम केला. चार वर्षं तो नियम पाळून तेच सगळ्यात जास्त दमले होते, पण माघार कशी घ्यायची हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आणि मग, दीड वर्षापूर्वीच्या एका रविवारी, ते गाडीत बसले तेव्हा त्यांचे गुडघे स्टिअरिंगला टेकले.

गाडी इमारतीमागे भिंतीला लागून उभी असायची आणि फक्त रविवारी बाहेर निघायची. कामावर ते पायी जात. तिला हात लावणारं दुसरं कुणी नव्हतं. आणि सीट पुढे होती. त्यांनी खाली वाकून मोजलं. बरोबर चार खाचा. आरसाही खाली झुकलेला होता. लेक त्यांच्यापेक्षा वीतभर बुटकी. ती गाडी शिकत होती तेव्हा दर वेळी सीट चार खाचा पुढे घ्यावी लागायची, आणि तिच्यानंतर स्वतः बसताना ते कुरकुर करायचे.

त्या दिवशी त्यांनी कुरकुर केली नाही. बराच वेळ तसेच गुडघे दुमडून बसून राहिले. मग सीट मागे घेतली.

त्यानंतर महिन्यातून एकदा, कधी दोनदा, सीट पुढे आलेली असायची. ते कामावर गेलेले आणि बायको दुपारची झोपलेली असताना लेक येत होती, गाडीत बसत होती आणि निघून जात होती. गाडी हलायची नाही, काट्यावर एक किलोमीटरही वाढायचा नाही. काय करत असेल ती तिथं? रडत असेल, डबा खात असेल, नाहीतर नुसतीच बसत असेल. भिंगवाल्यांनी शोध घेतला नाही. दुपारी अचानक घरी येऊन तिला गाठावं, असं शंभरदा मनात आलं, पण गाठलं तर ती परत येणार नाही, अशी भीती वाटायची. त्याऐवजी ते शनिवारी काचा पुसायला लागले. मागच्या सीटवर छोटी उशी नेऊन ठेवली. बायकोला वाटलं, म्हातारपणी माणसाला गाडीचं वेड लागलं. दर रविवारी ते सीट मागे सरकवायचे, म्हणजे पुढच्या वेळी ती आली हे कळावं. बापलेकीचं एवढंच बोलणं उरलं होतं, आणि भिंगवाल्यांचा जीव त्यावर तगून होता.

किल्लीवाल्याला हे काय सांगणार? बायकोला तरी कोणत्या तोंडानं सांगणार? नियम त्यांचाच होता.

बायको मात्र रविवारमागून रविवार खिडकीतून पाहत होती. नवरा गाडीपाशी उभा राहून बटण दाबतोय, फुंकर मारतोय, काडीनं टोचतोय. तिला त्यांची दया आली. साठी जवळ आलेला माणूस, स्वतःवर कधी पैसा खर्च करत नाही. एका सोमवारी ते कामावर गेल्यावर तिनं खुंटीवरची किल्ली घेतली आणि किल्लीवाल्याला घरी बोलावून आणलं.

किल्लीवाला बिचारा नेकीचा माणूस. किल्ली शिकवायचं मशीन गाडीला जोडण्याआधी त्यानं पुन्हा विचारलं, "काकू, दुसरी किल्ली आहे का? काकांना मी सांगितलं होतं, समोर नसेल ती बाद होईल."

बायकोला वाटलं, असं आहे तर. लेकीकडे किल्ली मागायला नको, म्हणून हे मोडक्या किल्लीवर दिवस काढताहेत. इतका हट्ट. ती म्हणाली, "दुसरी आहे, पण ती घेऊन या घरी आता कोणी यायचं नाही. होऊ दे बाद."

अर्ध्या तासात काम झालं. नवी किल्ली तिनं डब्यांमागे लपवली आणि रविवारी सकाळी चहाच्या कपाशेजारी ठेवली.

"घ्या. आता काडीनं टोचत बसू नका."

भिंगवाल्यांनी किल्ली उचलली नाही. "ही कधी केलीस?"

"सोमवारी. त्याला घरीच बोलावलं होतं."

"आणि दुसरी?"

"कुठली दुसरी?" असं म्हणताना बायकोनं नजर चुकवली. "ती काय कामाची आता? तुम्हीच तर—"

"अगं, ती येत होती."

बायकोला आधी काही समजलंच नाही. मग भिंगवाल्यांनी सगळं सांगितलं, चार खाचांसकट. बायको खुर्चीत बसली आणि तिनं दोन्ही हात डोक्याला लावले.

"मला सांगायचं होतं हो. एवढं एक वाक्य."

"माझंच चुकलं," भिंगवाले म्हणाले. हे वाक्य चार वर्षांपूर्वी कामाला आलं असतं. "तिला फोन लाव."

"माझ्याकडे नंबर आहे असं कोण म्हणालं?"

"दर गुरुवारी दुपारी बोलता तुम्ही दोघी. लाव."

बायकोनं फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. लेकीनं लगेच उचलला.

"आई, आज रविवारी कशी काय? बाबा घरी असतील ना?"

"अगं ऐक. तू गाडीत येऊन बसायचीस ना?"

लेक म्हणाली, "बुधवारी आले होते. दार उघडलं नाही. सेल नवा घालून पाहिला, तरी नाही. कळलं मला. त्यांना म्हणावं, पुन्हा नाही येणार."

"त्यांनी नाही केलं गं. मी केलं, मला माहीत नव्हतं. ते तर उलट तुझी वाट पाहायचे. तुझ्यासाठी उशी ठेवली त्यांनी."

"आई, पुरे. बाबा विचारत होते खोकला गेला का. बाबा म्हणाले तिला स्वेटर पाठव. चार वर्षं तुझ्याकडून हे ऐकतेय. तुझ्या मनचं असतं ते सगळं, हे मला कळत नाही का? तुला बरं वाटतं म्हणून मी हो हो म्हणते."

भिंगवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. त्यांनी जे म्हणायला हवं होतं ते ती चार वर्षं त्यांच्या नावानं म्हणत आली होती, आणि आज खरं सांगायची वेळ आली तर तेही त्याच माळेतलं ठरलं.

ते फोनवर वाकले. "ठकू, मी बोलतोय."

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी नाही गं बंद केली ती किल्ली."

"असेलही, बाबा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर भिंगवाल्यांना बरं वाटलं असतं. "दर वेळी सीट मागे केलेली असायची. मला वाटायचं, बाबांना माहीत आहे आणि ते मला येऊ देताहेत. त्यावर मी दीड वर्ष काढलं. मग बुधवारी दहा मिनिटं बटण दाबत उभी राहिले. लोक बघत होते."

"गाडी उघडीच ठेवतो मी. कुलूप लावतच नाही. तू कधीही ये. वर ये. घरी ये."

"दोनदा झालं, बाबा. तिसऱ्यांदा दार बंद दिसलं तर माझ्यानं नाही सोसवणार." मग तिनं, तब्येतीला जपा, असं म्हटलं आणि फोन ठेवला.

भिंगवाल्यांनी किल्लीवाल्याकडून आणखी एक किल्ली करून घेतली. बायको ती घेऊन लेकीच्या खोलीवर गेली. लेकीनं चहा केला, आईच्या पायाला तेल लावून दिलं, आणि निघताना किल्ली तिच्या पिशवीत परत ठेवली. पुढच्या आठवड्यात भिंगवाले स्वतः गेले. दाराला कुलूप होतं. तासभर जिन्यात बसून ते परतले. त्यानंतरही दोनदा गेले, दोन्ही वेळा तेच.

गाडी मात्र त्या रविवारपासून उघडीच होती. शेजारी हसले, किल्लीवालाही हसला. एवढ्या किल्ल्या करून घेतल्या आणि दार सताड उघडं ठेवता, काका? आता भिंगवाले रविवारची वाट पाहत नसत. कामावरून येताना रोज इमारतीमागून वळसा घालत, खाली वाकून सीट बघत आणि जिना चढत. बायको विचारत नसे. त्यांच्या चढण्यावरून तिला कळायचं.

तीन महिन्यांनी एका संध्याकाळी सीट पुढे होती.

भिंगवाल्यांनी दार उघडलं. खाचा मोजायला घेतल्या, दोनदा चुकले. हातातली पिशवी तिथंच टाकून ते जिन्याकडे धावणार होते. लेक वर असेल, आईजवळ बसली असेल, असं त्यांना अगदी दिसलंच. मग त्यांनी पुन्हा आत पाहिलं. रेडिओच्या जागी भोक होतं आणि त्यातून वायरी लोंबत होत्या. सीटखालचं हत्यारांचं खोकं गेलं होतं. ते ओढून काढायलाच कुणीतरी सीट पुढे ढकलली होती, पार टोकापर्यंत.

आज ते वर आले नाहीत म्हणून बायको खाली उतरली. नवरा गाडीच्या दारात, पाय बाहेर सोडून बसला होता. तिनं वायरी पाहिल्या आणि कपाळावर हात मारला.

"अगंबाई. काय काय गेलं हो?"

भिंगवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं काय विचारलं ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नसावं.

"ती नव्हती गं," ते म्हणाले.