घाटाची निळी रेघ

आमच्या शाळेतला खडू इतका कडक, की फळ्यावर ठिणग्या उडायच्या आणि थंडीत पोरं त्यावर हात शेकायची. पेठ तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर कुणालाही विचारा. थापा मारण्यात मी कधी कसूर केली नाही. मी भरलेल्या हजेरीपटावरही सहावी-सातवीची एकतीसच्या एकतीस मुलं रोज हजर. खरं म्हणजे दिवाळीपासून एकेक घर सावळघाट चढून दिंडोरीकडच्या द्राक्षमळ्यांत मजुरीला चाललं होतं, पोराबाळांसकट. पण खरा आकडा कळवला तर वर्ग बंद, आणि उरलेल्यांना बारा किलोमीटरवरची शाळा.

जानेवारीअखेर विस्तार अधिकारी येणार असा निरोप आला. भिंतीवर मुलांच्या हातचं काही हवं, म्हणून स्तंभालेख शिकवायला घेतला.

"आडव्या रेषेवर महिने, उभीवर मुलं. आणि एकही पोर सुटता कामा नये, काय?"

मंगळूची सविता सातवीत. तिनं मोठ्या कागदावर जून ते जानेवारी आठ स्तंभ काढले, आठही एकतीसचे. लांबूनच पाहिलं आणि मनात म्हटलं, शाब्बास! गुरूचीच थाप, पट्टीनं आखलेली. जवळ जाऊन बघायचं मात्र राहिलं.

साहेब शहरातल्या इंदिरानगरहून निघालेले, घाटात गाडी लागून पिवळे पडलेले. वर्ग भरलेला दिसावा म्हणून मी खालच्या वर्गांची पोरंही आत कोंबली होती. आलेख बघून खुलले.

"वा! एकही गळती नाही? पण स्तंभांतून ही निळी रेघ कसली गं?"

"सावळघाट," सविता म्हणाली.

"म्हणजे?"

"रेघेखाली हायत ती गावात. वरची घाटावर गेली, द्राक्षांना. गुरुजी म्हणले, एक बी पोर सोडू नका. मंग तीपण घेतली."

मी असा खोकलो की कौलावरची पाल खाली पडली. सविता आपली हसतेच आहे.

साहेबांनी बोट ठेवून मोजलं. जूनला रेघ स्तंभाच्या माथ्यावर, नोव्हेंबरात खांद्याशी, डिसेंबरात कमरेला, जानेवारीत गुडघ्याखाली. नऊ. आणि टेबलावर माझा हजेरीपट.

"गुरुजी, मुलीला आलेख छान येतो," एवढंच म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आठवड्यात आदेश आला. वर्ग बंद. माझी चौकशी लागली, लागू दे. मी मंगळूच्या दारात जाऊन बसलो. तोही माझाच विद्यार्थी.

"पोरगी हुशार आहे. पाठव त्या बारा किलोमीटरवरच्या शाळेत."

"एकटी पोर, वाटंत जंगल. कशी पाठवू?"

"अरे, न्यायला गाडी येते. दुपारी साजूक तुपाचे लाडू देतात."

मंगळू हसला. "गुरुजी, तुमच्या थापा मला लहानपणापासून पाठ हायत. उरल्या नऊ पोरांची घरं, सगळी सोमवारी चाललो. घड काढायला हिचा हात हलका हाय."

आयुष्यभर थापा मारल्या. जी खपायला हवी होती तीच खपली नाही.

सोमवारी जीप पाराशी उभी होती. सविता पळत वर्गात आली, पट्टी घेतली, फेब्रुवारीचा स्तंभ काढला. तोही एकतीसचा. निळी रेघ मात्र पार तळाला, आडव्या रेषेवर टेकवली.

"बरोबर हाय ना, गुरुजी?"

बाहेर मंगळू हाका मारत होता. मी आलेख नीट तपासला. एकही चूक नव्हती. खाली सही केली, तारीख घातली, आणि म्हटलं, "बरोबर आहे. जा."