दुसरा टेक

लाल पट्टी स्टीलच्या ट्रेमध्ये पडली होती, आरसा आणि चिमट्याच्या शेजारी, जिथे एरवी कापसाचे बोळे असतात तिथे — आणि तिला इस्त्री केलेली होती. हे आधी दिसलं. हातभर लांब कापडी पट्टी, एका टोकाला बोट जाईल एवढी शिवलेली पिशवी, आणि पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत 'उड्डाणापूर्वी काढा'. कडांवर इस्त्रीची चकाकी. कोणीतरी ती टेबलावर पसरून, हातानं सारखी करून, पाणी शिंपडून...

"धुऊन आणलंय," मिस्त्री खुर्चीत मागे रेलत म्हणाले. "ऑइलचे डाग होते. घरच्यांनी काढले. तुमचं तुम्हाला द्यावं म्हटलं, डॉक्टर."

चष्मा, रुमाल, किल्ल्या आणि ही पट्टी. खिसे रिकामे करावेत तसे त्यांनी ट्रेमध्ये सगळं एकामागून एक ठेवलं होतं. जणू त्यात काही विशेष नाही.

तो म्हणाला, "तोंड उघडा."

दुसरं काय म्हणणार? सव्वीस वर्षं तो लोकांना हेच सांगत आला आहे. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण त्याचं भरलं, आणि वर एका विमानाचा निम्मा हिस्साही आला — दोन सीटचं, जुनं, पांढरं, पंखांवर निळी रेघ असलेलं. मिस्त्रींची आजची वेळ तीन आठवड्यांपूर्वीच ठरली होती, उजवीकडची खालची दाढ, मुळाचं काम, बैठक दुसरी. त्याला वाटलं होतं, ते येणार नाहीत. कोणता माणूस येईल? ज्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता फ्लाइंग क्लबची कमिटी आपला विमानं तपासून सही करायचा अधिकार काढून घ्यायचं ठरवणार आहे, त्या दिवशी अकरा वाजता, ज्याच्यामुळे तो जाणार आहे त्याच्याच पुढ्यात आ वासून कोण पडेल? पण ते आले. वेळेच्या पाच मिनिटं आधी. बाहेर काउंटरवरच्या बाईंना त्यांनी "चहा झाला का?" असंही विचारलं म्हणे.

सुई हिरडीत गेली तेव्हा त्यांनी पापणीसुद्धा हलवली नाही.

"जड वाटायला लागेल हं ओठ," तो म्हणाला. "दहा मिनिटं थांबू."

आणि ती दहा मिनिटं फार लांब झाली. जीभ जड होत चाललेला माणूस बोलू शकत नाही, याचं आपल्याला बरं वाटतंय, हे त्याला कळत होतं. इतकं हलकट बरं वाटणं! खाई त्याला खवखवे, खरंय, पण इथे तर दाढ त्यांची ठणकत होती.

ती पट्टी पंखाखालच्या नळीची. डाव्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी असते, समोरचा वारा तिच्यात शिरतो आणि त्यावरून वेगाचा काटा हलतो. विमान उभं असताना त्या नळीत किडा-माती जाऊ नये म्हणून तिला ही टोपी घालतात, आणि ती विसरली जाऊ नये म्हणून तिला एवढी मोठी लाल शेपटी लावतात. पहिल्या दिवशी शिकणाऱ्या पोरालाही हे ठाऊक असतं. टोपी काढल्याशिवाय उडायचं नाही.

मी काढली होती. हीच तर गंमत आहे — मी ती काढली होती.

रविवार होता, पंधरा दिवसांपूर्वीचा, आणि ऊन अगदी हवं तसं तिरपं. नेहमीप्रमाणे त्यानं तीन कॅमेरे लावले: एक काचेवर, एक मागे, एक पंखाच्या आडव्या दांड्याला, बाहेर बघणारा. अकरा हजार लोक त्याचे व्हिडिओ बघतात. लहान विमानं कशी तपासायची, कशी उडवायची, ढगाच्या कडेनं कसं जायचं. दवाखान्यात त्याचा चेहरा कोणी बघत नाही, मास्कच्या वर दोन डोळे आणि दिवा, पण तिथे लोक लिहितात: सर, तुमचा शांतपणा आवडतो. 'नमस्कार मंडळी' म्हणताना त्याचा आवाजच बदलतो. बायको हसते त्या आवाजाला. "घरात पण बोल की असं कधी," म्हणते.

त्या दिवशी फोन तिच्याच हातात होता. तो विमानाभोवती फिरत एकेक वस्तू दाखवत होता. मग डाव्या पंखाशी येऊन, कॅमेऱ्याकडे बघत, झटकन लाल टोपी ओढून काढली — पट्टी हवेत छान फडफडली — आणि म्हणाला, "हे विसरलात, तर वर गेल्यावर देवाचं नाव घ्या."

"अरे, ऊन मागून येतंय," बायको म्हणाली. "चेहरा पार काळा आलाय तुझा. परत घेऊ या?"

म्हणून त्यानं टोपी परत घातली. दुसऱ्या टेकसाठी.

आणि मग ती म्हणाली, ढग आले बघ, ऊन गेलं. आणि तो म्हणाला, असू दे, मघाचंच वापरू, चल बस लवकर, वर जाऊन ऊन गाठू. झालं. डोक्यात टोपी निघालेली होती. त्याच्याकडे पुरावा होता, फोनमध्ये, झटकन ओढून काढल्याचा, फडफडीसकट! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. धावपट्टीवर वेग घेताना काट्याकडे एक नजर टाकायची असते. तेव्हा तो मंडळींशी बोलत होता.

काटा शून्यावर आहे हे कळलं तेव्हा खाली झाडं पाल्याच्या जुडीएवढी झाली होती. बायको खिडकीतून बाहेर बघत होती, तिला काही सांगितलं नाही. विमान फार हळू झालं तर दगडासारखं पडतं, या एकाच भीतीनं तो अतिवेगात उतरला. एकदा आपटलं, उडालं, परत आपटलं. पुढचं चाक दुमडलं, पंख्यानं जमीन खरवडली, आणि मग सगळं शांत. बायकोच्या कपाळाला टेंगूळ आलं. एवढंच. एवढ्यावर भागलं.

सगळ्यात आधी पोचले मिस्त्री. हँगरपासून धावत, वयाच्या साठीत, एक पाय ओढत.

"बधिर झालं का?" त्यानं गालाला टिचकी मारून विचारलं.

मिस्त्रींनी मान हलवली. डोळे छताकडे. त्यानं दिवा खाली ओढला, काम सुरू केलं. बारीक सळई मुळात आत जाते, बाहेर येते, त्याची बोटं हे झोपेतही करतील. जवळून बघितलं तर माणसाचं तोंड म्हणजे एक गरीब जागा असते. झिजलेले कोपरे, जुनी काळवंडलेली चांदी भरलेली दाढ, एक सुळा तिरका. अठ्ठावीस वर्षं ह्या माणसानं क्लबची सगळी विमानं तपासली. वहीत त्यांची सही झाली की विमान उडतं, नाही झाली की नाही. सहीच गेली तर राहिलं काय? हँगर झाडायचा?

चौकशी गेल्या शनिवारी झाली. क्लबच्या सेक्रेटरींनी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "वेगाच्या काट्यानं काही दाखवलंच नाही." मग एक घोट पाणी पिऊन म्हणाला, "त्या नळीचं काम आदल्याच दिवशी झालं होतं."

एक अक्षर खोटं नव्हतं. कुठल्याही देवासमोर हेच सांगितलं असतं. काटा हलला नव्हता, आणि काम आदल्या दिवशी झालंच होतं, मिस्त्रींनीच केलं होतं, चोख. दोन खरी वाक्यं एकापुढे एक ठेवली, बाकीचं ऐकणाऱ्यांनी आपापलं केलं. कॅमेऱ्यात काही आहे का, असं कोणीतरी विचारलं. "कार्ड बिघडलं," तो म्हणाला. हे मात्र खोटं होतं. पण छोटं.

मिस्त्री समोर बसले होते, आपल्या हातांकडे बघत. सेक्रेटरी म्हणाले, बोला. तर म्हणाले, "असेल. राहिलं असेल माझ्या हातून काही."

मी त्यांच्या गप्प बसण्याची किती कारणं शोधली ह्या आठ दिवसांत! म्हातारे झालेत, खरंच विसरले असतील. भित्रे आहेत, डॉक्टरविरुद्ध कोण ऐकणार त्यांचं. सेक्रेटरी पोचले तेव्हा टोपी पंखाखाली नव्हती, म्हणजे त्यांनीच काढून खिशात घातली असणार, पुरावा लपवला, आता बोलले तर तेही अडकतील. हे शेवटचं कारण मला फार आवडलं होतं. दोघांचीही झाकली मूठ. रात्री त्यावर झोप लागायची.

आणि आज सकाळी बायको पोह्यांची... छे, काहीतरी खातच होती ती, काय ते आठवत नाही, म्हणाली, "मिस्त्रींचं आज आहे ना?"

"हो."

"वाईट वाटतं रे. असं कसं झालं त्यांच्याकडून?"

"वय झालं," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. कपाळावरचं टेंगूळ आता पिवळं पडलं होतं. फोन तिच्या हातात होता त्या दिवशी. टोपी परत घातली तेव्हा ती तीन पावलांवर उभी होती. आपलेच दात, आपलेच ओठ. ती विचारणार नाही, आणि न विचारणं हा काय प्रकार असतो ते लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

"झालं," त्यानं दिवा वर ढकलला. "चूळ भरा. दोन तास गरम काही घेऊ नका. आणि खाऊ नका काही, ओठ बधिर आहे, चावला जाईल. कळणारसुद्धा नाही तुम्हाला."

मिस्त्रींनी चूळ भरली. अर्धं पाणी ओठाच्या कोपऱ्यातून शर्टावर सांडलं. ते त्यांनी रुमालानं टिपलं, चष्मा लावला, किल्ल्या घेतल्या. पट्टी ट्रेमध्ये तशीच.

"पाचला येताय ना?" वाकड्या तोंडानं ते म्हणाले.

"बघतो. पेशंट आहेत."

"हो, पेशंट तर असणारच," मिस्त्री म्हणाले. दारात क्षणभर थांबले. "ताईंचं कपाळ बरं आहे?"

"बरं आहे."

"बरं झालं," म्हणाले आणि पाय ओढत गेले.

तिसऱ्या पेशंटनंतर त्यानं आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. न बिघडलेलं कार्ड पंधरा दिवस पाकिटात होतं, कसल्यातरी जुन्या पावतीत गुंडाळलेलं. फेकून का दिलं नाही? शंभर वेळा हातात घेतलं, पण फेकवेना. पंखावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण त्यानं दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा चाक टेकेपर्यंतच. पडद्याच्या कोपऱ्यात लाल पट्टी वाऱ्यानं ताणलेली, संपूर्ण उड्डाणभर. त्यापुढचं बघायची गरज वाटली नव्हती. पुढे काय, धूळ.

धूळच होती. मग ती बसली. वाकडं झालेलं क्षितिज, गवत, लोंबणारी पट्टी, आवाज नाही. आणि मग डावीकडून एक माणूस येताना दिसला, धावत, पाय ओढत, तोंड उघडं. पंखापाशी आला, एका हातानं दांडा धरला, दम घेतला. पट्टीकडे पाहिलं. आत कॉकपिटकडे पाहिलं, जिथे मी बायकोचा पट्टा सोडवत होतो. मागे पाहिलं, लांबवर सेक्रेटरींची जीप निघाली होती. मग टोपी ओढून काढली, घडी घातली, खिशात ठेवली. काय फ्रेम आली होती! तिरपं ऊन बरोबर चेहऱ्यावर, मागे धूळ सोनेरी, इतका चांगला शॉट मला आठ वर्षांत मिळाला नव्हता, इथून सुरुवात करावी, आवाज नंतर... आणि मनातलं हे वाक्य अर्धं ऐकून तो स्वतःलाच शिवी देऊन बसला. थू तुझ्या जिनगानीवर.

पण चित्रण पुढे चाललं होतं. मिस्त्री वळले, आणि थांबले. दांड्यावरच्या कॅमेऱ्याचा बारीक लाल दिवा चालू होता. त्यांना तो दिसला. वाकून ते जवळ आले, चेहरा पडदाभर झाला, घामेजलेला, तिरक्या सुळ्यासकट, आणि त्यांनी सरळ भिंगात पाहिलं. एक, दोन, तीन... त्यांचा हात वर आला. बंद करायला, असं वाटलं. बटण कुठे आहे हे त्यांना माहीत होतं, तो कॅमेरा त्यांनीच तर बसवून दिला होता. हात कॅमेऱ्यापर्यंत आला, आणि मग त्यांनी बोटानं भिंगावरची धूळ पुसली, आणि ते निघून गेले.

तो परत मागे गेला. परत पाहिलं. परत.

म्हणजे कॅमेरा चालू होता हे त्यांना माहीत होतं. शनिवारी समोर बसून "असेल" म्हणाले तेव्हाही माहीत होतं. "कार्ड बिघडलं" हे ऐकताना हातांकडे बघत होते तेव्हाही. टोपी लपवली ती चारचौघांत माझी शोभा होऊ नये म्हणून, आणि कॅमेरा चालू ठेवला तो... त्यांना वाटलं होतं मी बोलेन. सरळ आहे. आज ना उद्या बोलेल डॉक्टर, शहाणा माणूस आहे, थोडा वेळ द्यावा. आठ दिवस दिला. इस्त्री करून दिला.

चार वाजून वीस मिनिटं. पाचला कमिटी. भीती कुठे गेली होती कोण जाणे. इतके दिवस तीच सोबत होती आणि तिची सवय झाली होती. आता नुसती लाज होती, आणि ती कुठे ठेवायची हे त्याला कळेना. कार्ड शर्टाच्या खिशात गेलं. तिथून पाकिटात. परत खिशात.

दारावर टकटक झाली. "डॉक्टर, साडेचारच्या बाई आल्यात," बाहेरून आवाज आला. "घेऊ ना आत?"

तोंडात खारट लागलं. केव्हापासून कुणास ठाऊक, तो खालचा ओठ चावत बसला होता, रक्त येईपर्यंत. आणि त्याचा ओठ बधिर नव्हता, सगळं कळत होतं.

"डॉक्टर? घेऊ का?"