नवव्यांदाही दोन पूर्णांक एक

आठ वेळा ब्युरेट, ती खुणांची काचेची नळी, द्रावणानं भरली, आठ वेळा तेच रीडिंग. दोन पूर्णांक एक. फ्लास्कमधला लाल रंग जरा धार सोडली की निळा व्हायचा आणि माझं डोकं तापायचं.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा साधा प्रयोग. आपापल्या गावचं पाणी आणायचं आणि त्यात क्षार किती ते मोजायचं; क्षार जितके जास्त, तितकं ब्युरेटमधलं द्रावण पाणी निळं व्हायला जास्त लागतं.

"रुपाली, तुमच्या बोअरच्या पाण्यानं पातेल्याला पांढरा थर बसतो, आणि तुझं रीडिंग दोन?" गर्जे सरांनी जर्नल परत सरकवलं. "आज सही झाली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही, माहीत आहे ना?"

शेजारच्या टेबलावर आमच्याच गावचा हर्षल दप्तर भरत होता. "अगं, चोवीस लिही की. मागल्या साली दादानं चोवीसच लिहिलं."

"तू मोजलंस?"

"मी कशाला मोजू? मला साडेतीनची एसटी गाठायचीय."

तो गेला. मी ब्युरेट पुन्हा धुतली, नवं द्रावण केलं. नवव्यांदाही दोन पूर्णांक एक! रडूच यायला लागलं.

आमच्या गावच्या हरिनाम सप्त्यात कीर्तनकार महाराज अभंगाच्या एकेका चरणावर तासभर थांबतात. 'असंच का म्हटलं? दुसरं का नाही?' टाळ धरून मी लहानपणापासून त्या प्रश्नांत रमत आले. पण रसायनशास्त्राला असं काही मी कधी विचारलंच नव्हतं. पाठ करायचं, लिहायचं, मार्क घ्यायचे. आज मात्र चोवीस लिहायला हात धजेना. दोनच का?

ब्युरेट ठीक, द्रावण ठीक. राहिलं पाणी. मी आईला फोन लावला.

"आई, बाटली कुठनं भरलीस?"

"सप्त्याच्या जारातनं. फिल्टरचं हाय, गोड. कालिजात न्यायचं म्हन्ल्यावर आपलं खारं पानी कसं देऊ? सरांनी घोटभर घेतलं असतं म्हंजी?"

"आई, ते प्यायला नव्हतं गं!"

"मग पानी कशाला नेत्यात, बाई?"

चिडून फोन ठेवला. आणि मग लक्षात आलं, नऊच्या नऊ रीडिंग खरी होती! मला ठाऊक नव्हतं ते त्या निळ्या रंगाला पहिल्यापासून ठाऊक होतं. टाळ-मृदंगाबाहेर असं सुख मला कधी भेटलं नव्हतं.

सरांना जाऊन सगळं सांगितलं, तसे ते हसले. "बरं, कळलं. तुमच्या गावचं दरसाल चोवीस येतं, तेच लिही, सही करतो."

"बोअरचं मोजलं नाही, सर."

"हट्टी आहेस. सोमवारी सकाळी नऊला ये. त्यानंतर सही नाही."

सोमवारी सप्त्याचा शेवटचा दिवस, काला. काल्याचं कीर्तन मी आजवर चुकवलं नव्हतं.

"काला सोडून चाललीस? कसली म्हनायची ही विद्या!" आई दोन दिवस धड बोलली नाही. बाटली मी माझ्या हातानं बोअरवर भरली.

नऊ वाजता ब्युरेट उघडली. रीडिंग पाच झालं, दहा झालं, पाणी लालच. गावात आता मंडळी टाळ घेऊन उभी राहत असतील; जीव तिकडे ओढत होता, डोळे मात्र थेंबावरून हलेनात. पंधरा. अठरा. एकोणीस पूर्णांक सहाला निळं झालं.

चोवीस नाहीच!

सरांनी सहीसाठी पेन काढलं होतं.

"थांबा ना सर," मी म्हटलं, "आणखी एकदा बघते." आणि ब्युरेट भरायला घेतली.