मी जाड्या, आणि मास्तरांचा रेडिओ

ही घरघर ऐकू येतेय ना, ती माझीच. मी लॅपटॉप आहे. अंगानं जाड, उचलायला जड, आणि जरा जास्त काम सांगितलं की माझा पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडायला लागतो. आमच्या घरात मला जाड्याच म्हणतात. मला राग येत नाही. हाक प्रेमाची आहे की चेष्टेची, हे आवाजावरून कळतंच की.

माझा पहिला मालक एका थंड देशातला विद्यार्थी होता. त्यानं माझ्यावर पोटभर खेळ खेळले, मग नवा लॅपटॉप घेतला आणि मला विकून टाकलं. टाकून दिल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू? जहाजातून घानाला आलो आणि कुमासीच्या अडुम बाजारात हाजी इसाकांच्या दुकानात काचेच्या फळीवर बसलो.

शेजारी एक सडपातळ लॅपटॉप होता. किंमत आम्हा दोघांची सारखीच. त्याची बॅटरी दिवसभर चालायची, वजन तर नसल्यातच जमा. मात्र खेळ लावला की तो जागच्या जागी अडखळायचा. माझं नेमकं उलट. खेळात मी वाघ, पण वायर काढली की घटकाभरात माझा जीव जायला लागतो. आपले गुण सांगताना दोषही सांगावेत, म्हणून सांगितलं.

एक दिवस आफ्रिये आणि तिचा नवरा येबोआ दुकानात आले. आफ्रिये अंत्यविधीचे फलक आणि पुस्तिका बनवते. इथं माणूस गेला की त्याचा हसरा फोटो चौकाचौकात लागतो आणि शनिवारी काळे-लाल कपडे घालून अख्खी वस्ती जमते. येबोआ मिनीबस चालवतो.

"हा बारका घेऊ," आफ्रिये म्हणाली. "मला रोज कुणाच्या ना कुणाच्या दारी न्यायचाय. वीज गेली तरी चालेल."

"आणि मी काय करू? दिवसभर गाडी हाकून आल्यावर एखादा सामना खेळावासा वाटतो माणसाला. ह्या बारक्यावर आज बॉल मारला तर गोल उद्या होईल."

"लग्न माझ्याशी केलंस की बॉलशी?"

"बॉल उलटून बोलत नाही."

हाजी हसले. "बाई, भांडण घरी जाऊन करा. फोटोचं कामही ह्या जाड्यावर झपाट्यानं होतं, हे मात्र खरं. न्या, वापरा. पंधरा दिवसांत नाही पटला तर आणून द्या, बदल्यात हा बारका न्या."

आफ्रियेनं माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "ठीक आहे. पण तुझ्या खेळानं माझ्या कामात एकदा जरी माती कालवली ना, तर हा जाड्या परत आणि बारका घरात. कबूल?"

"कबूल," येबोआ म्हणाला.

मला कुणी विचारलं नाही. एकदा टाकून दिलेल्याला पुन्हा फळीवर जायचं म्हटलं की काय वाटतं, ते त्यालाच ठाऊक.

पण घर छान होतं. मला वारा लागावा म्हणून आफ्रियेनं माझ्याखाली सोड्याच्या बाटल्यांची बुचं ठेवली. दिवसा फलक, संध्याकाळी सामना. स्वयंपाकघरातून तिखट लावून तळलेल्या केळ्यांचा वास यायचा. मी खूश होतो.

मग पोकुआ आजी आल्या. त्यांचे यजमान अंपोन्सा मास्तर वारले होते. अर्धी वस्ती त्यांच्या हाताखाली शिकलेली, तेव्हा काम मोठं होतं. आजींनी बिस्किटांच्या डब्यातून फोटो काढले. लग्नाचा असो, नातवाच्या बारशाचा असो, प्रत्येक फोटोत मास्तरांच्या कानाशी रेडिओ.

"हा रेडिओ काढून टाक गं पोरी," आजी म्हणाल्या. "चाळीस वर्षं छळलंय त्यानं मला. फुटबॉल लागला की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढा आवाज. मी कमी करा म्हणायची, हे वाढवायचे."

बोलताना डोळे कोरडे होते. सोबत आलेली सून हळूच म्हणाली, "ते गेल्यापासून एकदाही रडल्या नाहीत. भीती वाटते बघून."

आफ्रियेनं एकेका फोटोतला रेडिओ असा सफाईनं पुसला की कधी होता असं वाटू नये. मास्तर मात्र नुसतेच कानाशी हात धरून बसलेले दिसायला लागले.

शुक्रवारी संध्याकाळी येबोआ खेळत होता. त्याच्या संघाला पेनल्टी मिळाली, आणि नेमकी आतून जेवायची हाक आली, "फुफू निवतंय!" त्यानं सामना तसाच थांबवला आणि माझं झाकण लावलं. सामना माझ्या पोटात जागाच राहिला. सकाळी आफ्रियेनं मला उघडून वर मास्तरांचे फोटो लावले. मला सांगता आलं असतं तर बोंब मारून सांगितलं असतं.

शनिवारी मांडवात माणूस मावत नव्हता. पुढच्या खुर्चीवर आजी, समोर पांढरा पडदा, बाजूला कपाटाएवढे कर्णे, आणि ह्या सगळ्याला मी जोडलेला. एकेक फोटो सरकत होता. आणि वीज गेली.

जनरेटर सुरू झाला, पण माझी वायर निसटली होती. बॅटरी बघता बघता तळाला गेली. बारका असता तर त्याला काही फरकही पडला नसता, हे आफ्रियेच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. येबोआ वायर खोचायला धावला, आणि त्या गडबडीत त्याचं कोपर माझ्या बटणांवर पडलं.

मास्तर गेले. पडद्यावर हिरवंगार मैदान आलं. खेळाडू धावला, बॉल जाळ्यात गेला, आणि भरल्या स्टेडियमचा जल्लोष कर्ण्यांतून मांडवावर कोसळला.

मांडव गारठला. आफ्रियेनं डोळे मिटून घेतले. येबोआला बंद करायचं बटण सापडेना. मी मनातल्या मनात हाजींच्या फळीवर जाऊन बसलो.

पोकुआ आजींनी डोक्यावरचं काळं फडकं सारखं केलं, पडद्याकडे बघितलं आणि सवयीनं म्हणाल्या, "अहो, जरा आवाज कमी करा."

मग आजीच वळल्या. "बघितलंत? पुसून टाकला तरी आणलाच रेडिओ. कधी ऐकलंय का ह्यांनी माझं?" आणि त्या हसायला लागल्या. सगळा मांडव हसला. हसता हसता आजींचा बांध फुटला आणि त्या ओक्साबोक्शी रडल्या. सुनेनं त्यांना जवळ घेतलं. माझाही जीव भांड्यात पडला.

घरी जाताना येबोआ मान खाली घालून म्हणाला, "चूक माझी. उद्या मीच जाड्याला देऊन येतो."

"थांब," आफ्रिये म्हणाली. "आजींनी सांगितलंय, फोटोंत रेडिओ परत लाव. त्याच्याशिवाय मास्तर त्यांना आपले वाटत नाहीत म्हणे."

हाजींनी दिलेल्या पंधरा दिवसांतल्या शेवटच्या दिवशी तिनं मला पिशवीत घातलं. वळणावर डावीकडे अडुम, उजवीकडे आजींचं घर. पिशवी उजवीकडे वळली.

आजींनी फोटो बघितले. रेडिओवरून बोट फिरवत विचारलं, "त्या दिवशीच्या सामन्यात पुढं काय झालं गं?"

"अर्धाच राहिलाय, आजी."

"मग पुरा करा की."

येबोआ बाहेर गाडीत बसला होता. आजींनी त्याला हाक मारून आत बोलावलं. तो खेळायला बसला, स्टेडियम गर्जायला लागलं, आणि माझा पंखाही. आफ्रिये ओशाळली. "आजी, आवाज कमी करू?"

"असू दे," आजी म्हणाल्या.

आता मी म्हातारा झालोय. बिजागरी दोऱ्यानं बांधलीय, गोल मारायचं बटण झिजून गुळगुळीत झालंय. पण मी अजून आफ्रियेचाच आहे, आणि आजींकडचा रविवार आम्ही कधी चुकवत नाही. तुम्हीही कधी दोन लॅपटॉपांसमोर घुटमळत उभे राहाल. बॅटरी बघा, वजन बघा, बघायलाच हवं. फक्त त्यातला एखादा जाड्या घरघरला तर लगेच तोंड फिरवू नका. आमच्या आजी तर माझा पंखा थांबला की विचारतात, "हा गप्प का झाला?"