अंगाला लागणं

"मामा, हा अकरा नंबर हवा खाऊन वाढतोय का हो?"

प्रयोग चालवणाऱ्या मॅडमनी वजनांची वही मामांपुढे सरकवली. प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर, उंदरांच्या खोलीत, मामांची अठरा वर्षं गेली होती. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, खाणं मोजून घालायचं, रोज सकाळी एकेकाला उचलून छोट्या तराजूवर ठेवायचं. उंदीर म्हटला की मामा आलाच, म्हणून सगळे त्यांना उंदीरमामा म्हणत. खरं नाव फक्त हजेरीच्या वहीला ठाऊक होतं.

या खेपेच्या उंदरांपैकी निम्म्यांच्या अंगात जन्मापासून एक प्रोटीन नव्हतं. ते सगळे गोलमटोल, आणि रक्तात साखर वाढलेली. नियम एकच होता, जाड असो की बारीक, सगळ्यांना रोज सारखंच खाणं, साडेतीन ग्रॅम. आणि नेमकी तिथेच मामांनी माती खाल्ली होती.

"मॅडम, एक सांगायचंय. रागवाल तुम्ही."

"सांगा."

"जाड्यांना मी अर्धा ग्रॅम कमी घालतोय. तीन आठवडे झाले."

मॅडम स्टुलावर बसल्या. "का पण?"

"बरे व्हावेत म्हणून. एवढं वजन बरं नव्हे."

मामांना ही सवय घरची होती. त्यांची धाकटी बहीण नवरा गेल्यापासून, नऊ वर्षं, त्यांच्याकडेच राहत होती. लहानपणी काडीसारखी, म्हणून नाव पडलं चिमी. आता शिलाई मशीनच्या खुर्चीत मावत नव्हती आणि वर साखरेचं दुखणं. खाणं बेताचं आहे असं ती सांगे. "दादा, मला पाणीसुद्धा अंगाला लागतं रे." त्यावर मामांचं उत्तर ठरलेलं, "खोटं बोल, पण रेटून बोल." तिचं ताटही ते हात आखडूनच वाढून ठेवत. आठ दिवसांपूर्वी पाकिटातला ब्रेड कमी वाटला, तेव्हा ते सरळ म्हणाले होते, "चोरून खातेस ना?" चिमीने शिवण बाजूला ठेवली, त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि बोलणंच टाकलं. आठ दिवस घर खायला उठलं होतं. पण आधी कोण बोलणार? आपण तर तिच्या भल्यासाठीच बोललो, असं मामा स्वतःला बजावत होते, आणि झोप मात्र लागत नव्हती.

"तीन आठवड्यांचं काम पाण्यात गेलं," मॅडम म्हणाल्या. "कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

"मला वर कळवावं लागेल. प्रयोग नव्याने करावा लागेल. तुमची सहीही लागेल."

"करतो सही." अठरा वर्षांत एका पिंजऱ्याची कडी उघडी राहिली नव्हती, आणि आता ही शोभा. नोकरी गेलीच असं मामांनी धरून टाकलं.

"रोज नक्की किती घातलं, हे आठवतंय तरी का?"

मामांनी खिशातून लहानशी वही काढली. लबाडी केली होती, पण नोंद चोख ठेवली होती. मॅडम एकेक पान उलटत गेल्या. मग पुन्हा पहिल्या पानावर आल्या.

"कमी खाऊनही हा शेजारच्यापेक्षा जडच आहे की."

"तेच तर मला कळेना. मला वाटलं, कुठेतरी लपवून ठेवत असेल. मी भुसासुद्धा चाळला, मॅडम. दाणा सापडला नाही."

मॅडमना राग असूनही हसू आलं. "भुसा चाळलात?"

"चाळणीने. तीनदा. मग खातो कुठे हा?"

"कुठेच नाही. प्रोटीन म्हटलं की तुम्हाला दूध-अंडी आठवतात. पण आपल्या शरीरात प्रोटीनं म्हणजे कामगार. हजारो असतात, एकेकाचं काम ठरलेलं. त्यातला एक सांगतो, आलेलं अन्न जाळायचं किती आणि साठवायचं किती. अकरा नंबरकडे तोच नाही. मग थोडं खाल्लं तरी साठवणच होते."

"म्हणजे कामगार कायमचा गैरहजर. आणि बदली माणूसही नाही."

"अगदी बरोबर."

मामांनी अकरा नंबरचा पिंजरा पुढे ओढला. "आमच्या घरी एक जण म्हणतं, पाणीसुद्धा अंगाला लागतं."

"मग आपण तेच तर शोधतोय, मामा. कुणाच्या अंगाला का लागतं, कुणाच्या का लागत नाही. पण उंदराचं माणसाला जसंच्या तसं लावू नका हं. माणसात कारणं दहा असतात. जपून खावं लागतं, औषधं घ्यावी लागतात."

"नसेल लावता येत. पण चोर म्हणायची घाई तरी करू नये."

कोण कुणाला चोर म्हणालं, हे मॅडमना कळलं नाही. त्यांनी दोन्ही वह्या उचलल्या आणि वर गेल्या. मामांनी अकरा नंबरला पूर्ण साडेतीन ग्रॅम घातलं. खाण्याची एक गोळी दोन्ही पंजांत धरून तो ती बाकीच्यांसारखीच, बिनघाईने, कुरतडायला लागला. मामांना स्वतःची फार लाज वाटली.

घरी मशीन चालूच होतं. मामा चपला न काढता तिच्यासमोर उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं. अकरा नंबर, अर्धा ग्रॅम, चाळलेला भुसा, गैरहजर कामगार. मशीन थांबलं.

"भुसा चाळलास?" आठ दिवसांनी चिमी पहिल्यांदा बोलली.

"चाळला."

"काही सापडलं?"

"नाही."

"तरी कमीच घालत राहिलास."

"हो."

तिने सुईतला दोरा तोडला. "उंदराने सांगितलं तेव्हा पटलं. बहीण नऊ वर्षं सांगत होती."

"खरं आहे," मामा म्हणाले. "चुकलो मी, चिमे."

ती उठली. थोड्या वेळाने तिने टेबलावर ताट ठेवलं. मग दुसरं ताट आणलं आणि समोरची खुर्ची ओढून बसली. ती आपल्यासमोर शेवटची कधी जेवली, हे मामांना आठवेना. रोज त्यांचं झाल्यावर ती आत, ओट्याशी उभ्याउभ्या, दाराकडे पाठ करून जेवत असे. त्याचं कारण त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

दोघं जेवू लागले. चिमीने मध्येच भांडं ओढून थोडं वाढून घेतलं. सवयीने मामांची नजर तिच्या हाताकडे गेली. त्यांनी ती खिडकीकडे वळवली आणि तिचं जेवण होईपर्यंत तिथेच ठेवली.