वर्गाला हवा तसा बाप

सुवा शहरातल्या कॉलेजात मी गोष्टी लिहायला शिकत होते, तेव्हा दुसऱ्या वर्षी ‘ता’वर गोष्ट लिहिली. ता म्हणजे माझे वडील, बेटांवर जाणाऱ्या बोटीतले स्वयंपाकी. एकदा आसपास कोणी नसताना आई चर्चच्या पायरीवरून घसरली, हात मोडला, आणि ताने दीड महिना तिचे केस विंचरले. गोष्टीत एवढंच होतं.

आमच्या वर्गात लिहिणाऱ्याने गप्प बसायचं, बाकीच्यांनी चिरफाड करायची.

“वासिती, हा बाप आहे की दालोचा बिनमिठाचा उकडलेला कंद?” वर्गातला सेमी म्हणाला. सगळे हसले.

हीदर मॅडम हसल्या नाहीत. “छान आहे गं,” त्या म्हणाल्या, “पण दुखतंय कुठे? तू काहीतरी लपवते आहेस.”

काहीच लपवत नव्हते. तरी दुपारभर ग्रंथालयात बसून मी ताला दारू पाजली आणि आईचा हात त्याच्याकडून मोडवला. मुलगी दाराआडून बघते, असंही घातलं. पुढच्या तासाला ती ऐकून मॅडमचे डोळे भरले. सेमी म्हणाला, “आत्ता म्हातारा जिवंत झाला बघ!” आणि मला गुदगुल्या झाल्या. ते आठवलं की आजही तोंडात आंबट पाणी येतं.

मॅडमनी ती गोष्ट रेडिओवर वाचायला लावली. मी वाचली, माझ्या नावानिशी. बोटीच्या स्वयंपाकघरात रेडिओ दिवसभर चालू असतो. त्या दिवशी एका बाईने ताच्या हातची थाळी घेतली नाही.

मी घरी गेले. ता अंगणात मासे साफ करत होता.

“ऐकली,” तो म्हणाला. “मी तिला मारत होतो, तेव्हा तू दाराआड होतीस ना?”

“ता, ते नुसतं लिहिलंय...”

“मग तू आत आलीस, असं तरी लिही. आईला सोडव की!”

त्याने मान वर केली नाही. मी न्हाणीत जाऊन ओकले.

सुवाला परतले ती थेट मॅडमकडे. कॉलेजच्या वार्षिक अंकातून गोष्ट काढा म्हटलं. त्यांनी मला मिठी मारली. त्यांच्या क्रीमचा गोड वास नाकात बसला.

“ही लाज लिही,” त्या कानाशी म्हणाल्या. “ही तुझी खरी गोष्ट.”

मी त्यांना ढकललंच. चहाचा कप सांडला. घाईने त्यांनी आधी गोष्टीचे कागद उचलले.

अंक निघाला, गोष्टीसकट. मी कॉलेज सोडलं. रविवारी गावच्या चर्चमध्ये उभी राहून सांगितलं, “मी खोटं लिहिलं. ताने आईवर कधी हात उचलला नाही.”

बायकांनी माना डोलावल्या. बाहेर पडताना एक दुसरीला म्हणाली, “बिचारी! बापाने बोलायला लावलं असणार.”

तेव्हापासून त्या आईला मलम आणून देतात, ता बोटीवर गेला की. आईचा हात बरा होऊन सहा वर्षं झाली. ती मलम घेते, त्यांना चहा पाजते. मी आतल्या खोलीत बसून त्यांचं च्‌ च्‌ ऐकते. त्यांचा राग येतो, पण किळस येते ती माझी.